छत्री हरवल्याबद्दलचा कप आणि इतर अकरा

४ मार्च

चि. भिंगरी,

आज सकाळी दुकान उघडले. झाडले. कोरण्याच्या मशिनला तेल दिले. गिऱ्हाईक एकच आले. त्याला शाळेसाठी ढाल हवी होती. कोरणारी आता नाही असे सांगितले. तो ‘माफ करा’ म्हणाला, मी ‘असू द्या’ म्हणालो. दुपारी दुकान बंद केले.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. फोनवर लोक ‘कसे आहात’ विचारतात आणि उत्तर द्यायला वेळ लागला की ‘हॅलो, हॅलो’ करतात. पत्राचे तसे नसते.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली, दुकानाची मालकीण, म्हणजे शेजारची बेकरीवाली, हा गाळा विकते आहे. मोबाईलची कव्हरे विकणारा कोणी महिनाअखेरीस पैसे घेऊन येणार आहे. तोवर मला कप, ढाली, रिबिनी आणि मशिन हलवायचे आहे. तुझ्या ताईचे मशिन आमच्या घराच्या दारातून आत जात नाही. मी मोजून पाहिले. तिचे दुकान मोडायचे या विचाराने हात चालत नाही, म्हणून रोज नुसते तेल देतो.

दुसरी, तिच्या लॅपटॉपवर क्रिप्टोच्या पाकिटाचा एक प्रोग्राम आहे. तो पासवर्ड मागतो. पासवर्ड येत नसेल तर बारा शब्द मागतो. इंटरनेटवर विचारले तेव्हा एक भला माणूस लगेच बोलू लागला. अडकलेली पाकिटे उघडून देणारी त्यांची कंपनी आहे. शब्द सापडले की आमच्या पानावर टाइप करा, पुढचे आम्ही बघतो, म्हणाला. पत्नी वारल्याचे सांगितल्यावर त्याने रडणारा चेहरा पाठवला. हे शब्द कुठे असतील, तुला काही ठाऊक आहे का?

भाऊजी


७ मार्च

भाऊजी!!!

त्या भल्या माणसाला एक अक्षर जरी दिलंत तर मी येऊन तुमच्या दारात बसेन आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गाईन. माझं गाणं तुम्ही लग्नात ऐकलंय. धमकी समजा.

अहो, तो चोर आहे! रडका चेहरा त्याच्याकडे किलोवर असतो. मी दिवसभर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडते, असली फसलेली माणसं आठवड्याला भेटतात मला. आता नीट ऐका. नाणी त्या लॅपटॉपमध्ये नसतातच. कुठलं नाणं कुणाच्या नावावर, ही नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असते. आपल्याकडे असते फक्त ते नाणं हलवायची किल्ली. ही किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची इतकी लांबलचक शेपटी की माणसाच्या डोक्यात राहायची नाही. म्हणून तिच्याऐवजी बारा साधे शब्द देतात. ते बारा शब्द, त्याच क्रमाने घातले, की किल्ली पुन्हा जशीच्या तशी तयार होते. तुमच्या हातून घातले तरी होते आणि चोराच्या हातून घातले तरी होते. शब्द ज्याच्याकडे, नाणी त्याची. म्हणून शब्द कुणाला सांगायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, नेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत. मला पत्रातसुद्धा लिहायचे नाहीत. मी तुमची मेहुणी असले तरी पोस्टमन तुमचा कोणी नाही.

आता गुपित सांगते, ताई रागावली तर रागावू दे. खूप वर्षांपूर्वी गेमिंगची स्पर्धा भरवणाऱ्या पोरांकडे कपांचे पैसे नव्हते, त्यांनी ताईला ही नाणी दिली. तेव्हा त्यात एक वडापण आला नसता... नाही, साधा चहाही आला नसता. मग भाव असा चढला की ताईनं मला बोलावून घेतलं, मी पाकीट काढून दिलं. म्हणाली, ‘एक दिवस हा गाळा विकत घेईन. ह्यांना सांगू नकोस, हे मोजत बसतील.’

आणि शब्द? शब्द लिहिताना तिनं मला खोलीबाहेर काढलं. पण हसत म्हणाली होती, ‘ह्यांच्या नाकासमोर ठेवणार आहे, बारा जागी. हे रोज फडक्यानं पुसतील आणि ह्यांना कळणार नाही.’

भाऊजी, तुम्ही रोज काय पुसता?

तुमची भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरी,

तुझे पत्र सकाळी आले. दोनदा वाचले. चहा केला आणि प्यायला विसरलो.

मी रोज पुसायचो अशा बारा वस्तू म्हणजे कप. दरवर्षी आमच्या लग्नाच्या तारखेला ती मला एक कप कोरून द्यायची. पहिला तुझ्यासमोरच दिला होता, ‘सासूबाईंचे वजन नजरेने अचूक सांगितल्याबद्दल’. मी वजनमाप खात्यातला माणूस. त्यांनी विचारले, मी सांगितले. तुझी आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पण आकडा बरोबर होता. दुसरा ‘छत्री हरवण्यात सलग विजेता’. मग ‘भाजीवाल्याचा काटा तपासून भाजी न घेताच परत आल्याबद्दल’. असे बारा झाले आणि ती आजारी पडली.

एकदा तिने ते सगळे पॉलिश करायला म्हणून दुकानात नेले होते. तेव्हाच तळाशी कोरले असणार. तळ मी कधी पुसत नसे.

आता पुढचे लिहिणे अवघड आहे. ती गेल्यावर मला ते कप पुसवेनात. न पुसता ठेवणे त्याहून जमेना. म्हणून खोक्यात भरले आणि पोहण्याच्या क्लबला देऊन टाकले. त्यांच्या स्पर्धा होऊन गेल्या. त्यांनी कपांवरच्या जुन्या कोरलेल्या पट्ट्या काढून नव्या लावल्या आणि बक्षिसे वाटली.

भाऊजी


१२ मार्च

भाऊजी,

कुणाकुणाला???

भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरी,

आज पाऊण दिवस बसमध्ये गेला. सकाळी निघालो आणि तिन्हीसांजेला परत आलो. काम झाले.

क्लबच्या रखवालदाराला सगळे विजेते तोंडपाठ आहेत. कोण कितवा आला हे तो न विचारताही सांगतो. गेले तीन दिवस मी एकेकाकडे जात होतो. अनोळखी घराची बेल दाबून ‘तुमच्या कपाचा तळ बघायचा आहे’ असे म्हणायची माझी पहिलीच वेळ. खोटे कारण सुचले नाही म्हणून तेवढेच म्हटले. नवल म्हणजे कोणी दार लावले नाही.

कप ओळखायला पट्टी लागली नाही. दांडी, कान, उंची, सगळे माहीत आहे.

शिंपीणबाई कपात खडू आणि टाचण्या ठेवतात. त्या म्हणाल्या, ‘तळ बघा, पण आधी हात वर करा.’ मला वाटले झडती घेताहेत. त्यांनी कोटाचे माप घेतले. ‘हा कोट तुमचा नाही, तुमच्या मोठ्या भावाचा वाटतो,’ म्हणाल्या. मला भाऊ नाही. नवीन कोट गुरुवारी मिळेल.

दंतवैद्यांनी खुर्चीत बसवले. ‘मी तुमच्या कपाचा तळ दाखवतो, तुम्ही मला दाढ दाखवा.’ तळाला शब्द नव्हता. मी तोंड उघडे ठेवून विचार करत राहिलो. मग आठवले, तो कप डुगडुगायचा म्हणून मीच खाली बनातीच्या जाड कापडाचा तुकडा चिकटवला होता. बोलता येईना, म्हणून हाताने खुणा केल्या. त्यांना वाटले दुखते आहे. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिले. बनात सोलली तर खाली शब्द होता. तिने ती काढून, कोरून पुन्हा चिकटवली असणार. दाढही भरून झाली.

बसचालकाने कप बसमध्येच, पुढच्या काचेपाशी चिकटवला आहे. ‘चालू गाडीत हात लावायचा नाही काका, शेवटच्या थांब्यावर बघू.’ शेवटच्या थांब्यावर त्याने हत्यारे काढून कप सोडवला. उतारूंपैकी चौघे थांबले होते. काय निघते ते बघायला. मी शब्द वाचला आणि मला हसू आले. तो शब्द तुला सांगता येत नाही, पण त्या कपाची मूळ पट्टी होती ‘चुकीच्या बसमध्ये बसून लाजेखातर शेवटपर्यंत न उतरल्याबद्दल’. चौघांनाही कारण न कळता हसू आले. परत त्याच बसने आलो.

बेकरीवालीकडे सर्वांत शेवटी गेलो. तिला ‘सर्वांत जास्त वेळ तरंगल्याबद्दल’ मिळाला आहे. तिने त्यात यीस्ट ठेवले होते. म्हणाली, ‘तळाशी काय शोधताय?’ मी म्हटले, ‘एक शब्द.’ ‘कुणाचा?’ ‘हिचा.’ तिने काही न विचारता यीस्टसकट कप ओट्यावर पालथा केला.

बाराही शब्द आता माझ्याकडे आहेत. कोणत्या कपाखाली कोणता ते पक्के आहे. मात्र एकेक शब्द गावभर लोकांच्या घरी आहे, याची काळजी वाटते.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी, भाऊजी, भाऊजी,

मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा सांडला. दाढ भरून घेतलीत! शब्द काढायला गेलात आणि कोट शिवून आलात! आमचे साहेब विचारतायत काय झालं, मी नुसतं ‘बनात’ म्हणते आणि पुन्हा खो खो.

काळजी करू नका. एका शब्दानं काही उघडत नाही. शिंपीणबाई, दंतवैद्य आणि बसचालक असे बाराजण एकत्र जमून, क्रम ठरवून तुमचं पाकीट फोडतील अशी वेळ येणार नाही. आली तर मला बोलवा, मला बघायचंय ते. तरीही पाकीट उघडलं की पहिलं काम म्हणजे नाणी नव्या पाकिटात, नव्या शब्दांवर हलवणं. जे शब्द चारचौघांनी पाहिले ते जुने झाले.

रविवारी येते. एक म्हातारा लॅपटॉप तयार केलाय, त्याचं वायफायचं कार्डच उपटून टाकलंय. त्याच्यावर सगळं नव्यानं घातलंय. तो आता जगाशी बोलूच शकत नाही, तुमच्यासारखा. (हसा.) शब्द फक्त त्यात घालायचे. आणि ताईच्या लॅपटॉपवर तोवर काहीही टाइप करू नका. त्या रडक्या चेहऱ्यानं पुन्हा विचारलं तर उत्तर देऊ नका, ते तुम्हाला छान जमतं.

गाळा आपलाच! मी बेकरीवालीच्या नाकावर टिच्चून समोर उभी राहून खारी खाणार!

भिंगरी


२४ मार्च

प्रिय भाऊजी,

परतीच्या गाडीत मी एक शब्द बोलले नाही. शेजारचा माणूस मला शांत स्वभावाची समजला असेल.

तुम्ही एकेक कप आठवून सांगत होता. ‘आता वजनाचा, आता छत्रीचा, आता काट्याचा.’ आणि मी शब्द घालत होते, तेव्हा किती मजा आली! आणि शेवटी लाल अक्षरात ‘हे शब्द जुळत नाहीत’. शेवटच्या शब्दात आधीच्या अकरांची पडताळणी दडलेली असते, म्हणून चूक असेल तर ते तिथंच ओरडतं. शब्द सगळे बरोबर आहेत, असे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून देतात तिच्यात आहेत, मी तपासले. म्हणजे क्रम चुकलाय. पण ताईनं वर्षांप्रमाणे नाही तर कसे लावले असतील?

म्हाताऱ्या लॅपटॉपला सगळे क्रम एकेक करून बघायला बसवलंय. बारा शब्दांचे क्रम किती होतात ते सांगत नाही, तुम्ही मोजत बसाल. त्याचा पंखा असा घरघरतोय की शेजारणीला वाटलं मी पीठ दळतेय. दळून होईल कधीतरी. महिनाअखेरीच्या आत होईल का, माहीत नाही.

तुम्ही मला बसस्टॉपवर सोडलंत तेव्हा ‘असू दे’ म्हणालात. मला नाही असू द्यायचं, भाऊजी.

भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरी,

आज दुकानात गेलो नाही. घरी कपांच्या लाकडी घडवंचीवरची धूळ पुसायला घेतली. कप दिल्यापासून ती फळी तशीच होती. लाकडावर कपांच्या बुडाचे गोल डाग राहिले आहेत. डावीकडे लहान, उजवीकडे मोठे.

मी मूर्ख आहे. हे तुला आधीच माहीत असेल.

ती कप वर्षांप्रमाणे मांडायची. मी पुसताना उंचीप्रमाणे लावायचो. लहान-मोठे कसेही उभे राहिले की मला डोळ्यांत खुपते. ती पुन्हा वर्षांप्रमाणे लावायची. मी पुन्हा उंचीप्रमाणे. आमचे भांडण असे एवढेच, पण रोज चालायचे. ‘अहो, हा कप आहे, मापटे नाही,’ म्हणायची. मग तिने ते पॉलिशला नेले आणि परत आणले तेव्हा स्वतःच्या हाताने उंचीप्रमाणे मांडले. पुन्हा कधी हलवले नाहीत. मला वाटले ती हरली. मनातून मला बरेही वाटले होते. तिने शब्द माझ्या क्रमाने कोरले होते. मी एक दिवस वाचायला गेलो तर डावीकडून उजवीकडे सरळ वाचता यावेत म्हणून.

कपांची नावे लिहिली तर पोस्टमनला काही कळायचे नाही, म्हणून क्रम इथेच लिहितो. सर्वांत लहान कप ‘शेजारच्या कुत्र्याला अहो म्हटल्याबद्दल’चा. त्याच्या शेजारी शपथेवर घोरत नाही म्हटल्याचा, मग माझ्या एकुलत्या एक विनोदाचा, मग छत्री. छत्रीनंतर फोटोत डोळे मिटल्याचा. त्यापुढे दोन कप अगदी एका उंचीचे आहेत, गार चहाचा आणि शर्टाचे बटण शिवताना सोफ्याचे कापड सोबत शिवल्याचा. अशा वेळी मी वजन बघतो. हलका आधी. चहा हलका आहे. तिला हे नक्की माहीत होते, कारण यावर ती हसली होती. मग काटा, मग बस, मग समारंभात कोणाशीही न बोलल्याचा, मग तिचा वाढदिवस लक्षात ठेवून महिना चुकल्याचा. सासूबाई शेवटी. त्या सर्वांत उंच.

लॅपटॉपला थांबव. विजेचे बिल येईल.

भाऊजी


२८ मार्च

उघडलं उघडलं उघडलं!!!

भाऊजी, मी ऑफिसच्या सामानाच्या खोलीत दार लावून म्हातारा लॅपटॉप आणि तुमचं पत्र मांडीवर घेऊन बसले. कुत्रा, शपथ, विनोद, छत्री... एकेक घालत गेले. सासूबाई घातल्या आणि लाल अक्षर आलंच नाही! शब्द जुळले, किल्ली तयार झाली, ताईचा पत्ता जसाच्या तसा! मी अशी किंचाळले की साहेबांना वाटलं शॉक लागला. ते लाकडी काठी घेऊन धावत आले. मी त्यांनाच धरून नाचले. ते बिचारे काठी धरून नाचले.

मग शहाण्यासारखी वागले, शपथ. व्यवहारावर सही त्या मुक्या लॅपटॉपवरच केली, बाहेर नेला तो फक्त सही झालेला व्यवहार. आधी चिमूटभर पाठवून बघितलं. पोचलं, मग सगळं. नाणी आता नव्या पाकिटात आहेत. नवे शब्द कागदावर, कागद माझ्या मोज्यात, मोजा पायात. ३० तारखेला मी, पाय, मोजा, सगळे येतो. बेकरीवालीला तोवर कसंही थोपवा. बोला तिच्याशी. तुम्हाला आता सवय झालीये.

तुमच्या क्रमानं गेली, भाऊजी! इतकी वर्षं मला सांगत होती, ‘ह्यांचं उंचीचं खूळ मी मोडणार.’ लबाड कुठली!

भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरी,

आज सकाळी दुकान उघडले. झाडले. मशिनला तेल दिले. दोन गिऱ्हाइके आली. त्यांना मे महिन्यात या म्हणून सांगितले. तोवर तू ठरल्याप्रमाणे नोकरी सोडून, ताईने शिकवलेले कोरकाम करायला येशीलच. साहेबांना काठी परत दिलीस का?

तू गेल्यावर बेकरीवाली आली होती. काही नाणी विकून तू गाळ्यासाठी दिलेला इसार तिने मोजलासुद्धा नाही. म्हणाली, ‘गाळा ठेवायचाय हे तुम्ही एकदा तोंडाने म्हणाला असतात तर मी त्या कव्हरवाल्याला बोलावलंच नसतं.’ मी म्हटले, ‘सुचले नाही.’ ती म्हणाली, ‘कपाचा तळ बघायला येणं बरं सुचलं.’ तिने खारी दिली. तू तिच्या नाकावर टिच्चून खाणार होतीस. ती स्वतःहून देते, त्यामुळे तसे खाता येणार नाही.

क्लबचे लोक कप परत द्यायला तयार होते. मी नको म्हटले. बसचालकाने तर पुन्हा पक्का चिकटवला आहे. तिने कोरलेले शब्द आता काही उघडत नाहीत. ते लोकांकडे राहू देत. मी गुरुवारपासून पोहायला जातो आहे. सध्या कठडा धरतो.

नवे शब्द तू दाखवलेस तसे मशिनवर मीच कोरले. शटर खाली ओढून. पहिले दोन वेडेवाकडे आले, पुढचे वाचता येतात. कशावर कोरले आणि कुठे ठेवले ते लिहीत नाही. तू आलीस की तोंडी सांगेन. मोज्यातला कागद जाळला.

मग पितळेची एक पट्टी उरली होती. हात बसला होता म्हणून आणखी एक कोरले. लहानसा कप घेतला आणि पट्टी लावली. ‘नवऱ्याच्या क्रमाने गेल्याबद्दल’. ‘क्र’ थोडा तिरका आला आहे. ती असती तर पट्टी काढून पुन्हा करायला लावली असती.

कप घरी आणला आणि त्या फळीवर ठेवला. एकटाच आहे, त्यामुळे उंचीचा प्रश्न येत नाही. बोटांचे ठसे उमटले होते. फडके घेतले आणि पुसला. तळसुद्धा.

भाऊजी